बनी तो बनी, नहीं तो वाइल्डकार्ड!

१५ ऑगस्ट २०२५, शुक्रवार, रात्रीचे पावणेअकरा. सुट्टीच्या दिवशीही सपोर्टची शिफ्ट करून मी पुण्याहून परभणीच्या ट्रॅव्हल्समध्ये बसलेलो. नेटवर्क येतंय-जातंय, बॅटरी १४ टक्के आणि अकराला डेडलाइन! कसली? फॅण्टसी प्रीमिअर लीगची, बॉस. पहिली मॅच लिव्हरपूल विरुद्ध बोर्नमथ, आपल्याकडे रात्री साडेबाराला, आणि टीम लॉक होणार त्याच्या दीड तास आधी. पंधरापैकी चौदा खेळाडू घेऊन झालेले. पंधराव्यासाठी खिशात उरले होते फक्त ४.

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी पटकन. तुम्हाला मिळतात १०० मिलियन, अर्थात खोटे. त्यात २ गोलकीपर, ५ डिफेंडर, ५ मिडफिल्डर, ३ स्ट्रायकर घ्यायचे. एका क्लबचे जास्तीत जास्त तीन. दर आठवड्याला अकरा जण उतरवायचे, एकाला कॅप्टन करायचं, त्याचे पॉइंट डबल. खरे खेळाडू तिकडे मैदानात जे करतील त्याचे गुण इकडे तुम्हाला. एण्ट्री फुकट.

तर माझी टीम. सालाह १४.५, हालांड १४. दोघंही हवेतच! आदल्या सीझनला सालाहने ३४४ पॉइंट काढलेले, या खेळाच्या इतिहासातला विक्रम. त्याला सोडायचं म्हणजे वेडेपणा, नाही का? आणि खरंच, त्या वीकेंडला सालाहने गोल मारला, हालांडने दोन मारले. सोमवारी रात्री आमच्या लीगचं टेबल उघडलं तर मी शेवटून दुसरा!

पहिल्या नंबरवर कोण? मित्राचा धाकटा भाऊ, परभणीला कृषी विद्यापीठात शिकणारा. फोन केला तर म्हणाला, “दादा, तुमचं कसं झालं, पगार झाला की पहिल्याच दिवशी बुलेटचा हप्ता, अन् मग महिनाभर पारले-जी.”

हसू नका, हिशोब करा. बेंचवरचे चौघे अगदी स्वस्तातले घेतले तरी १७ जातात. उरले ८३. त्यातले साडेअठ्ठावीस दोघांवर उडवले की नऊ जणांसाठी राहतात साडेचोपन्न, म्हणजे डोई जेमतेम ६. या भावात अख्खी टीम होत नाही असं नाही, पण प्रत्येक खरेदी अचूक लागते. माझे दोघे त्या दिवशी संघातच नव्हते. अशा वेळी बेंचवरचा आपोआप आत येतो. पण तो स्वतः खेळला असेल तर! माझा चारचा डिफेंडर त्याच्या क्लबच्या बेंचवर मस्त पाणी पीत बसलेला. शून्य.

पहिल्या टीमचा पहिला फंडा म्हणूनच फार साधा आहे, आणि तोच सगळे विसरतात: जो नव्वद मिनिटं खेळतो तो घ्या. नाव कमी मोठं चालेल. साठ मिनिटं खेळलं की दोन पॉइंट नक्की, वरचं सगळं बोनस. जुलै-ऑगस्टमध्ये क्लबांच्या सरावाच्या मॅचेस होतात, त्यात गोल कुणी केला यापेक्षा सुरुवातीच्या अकरात कोण उतरतंय ते बघा.

दुसरं, खेळाडूवर लेबल काय लागलंय ते वाचा. एकाच गोलचे स्ट्रायकरला ४, मिडफिल्डरला ५ आणि डिफेंडरला ६ मिळतात. सालाह खेळायचा पुढे, पण यादीत होता मिडफिल्डर, ही त्याच्या ३४४ मागची अर्धी गंमत. २०१९-२० मध्ये शेफिल्ड युनायटेडचा जॉन लुंडस्ट्रम मिडफिल्डमध्ये खेळायचा, यादीत मात्र डिफेंडर, किंमत फक्त ४. त्याने पाच गोल केले आणि जगभरच्या फॅण्टसीवाल्यांचा देव झाला. त्यात २०२५-२६ पासून नवा नियम आला: डिफेंडरने एका मॅचमध्ये टॅकल, क्लिअरन्स वगैरे मिळून दहा कामं केली की जादा दोन पॉइंट. त्या पोराने स्वस्तातले, सतत अंगावर बॉल घेणारे सेंटर-बॅक भरले होते. एक नंबर उगाच नव्हता!

तिसरं म्हणजे पहिल्या पाच-सहा मॅचेस कुणाशी आहेत. २०२३-२४ आणि २०२४-२५, दोन्ही सीझनला वर आलेले तिन्ही क्लब परत खाली गेले. त्यामुळे नवख्यांशी मॅच असेल तर डोळे झाकून घ्यायचं, असा रिवाजच पडला. २०२५-२६ मध्ये सण्डरलंड वर आलं आणि त्यांनी सुरुवातीलाच भल्याभल्यांचा घाम काढला. तेव्हा डोळे थोडे उघडेच ठेवा.

आणि आता खरी मेख. २०२३-२४ च्या पहिल्या डेडलाइनला कोल पामर मँचेस्टर सिटीच्या बेंचवर होता, किंमत ५. १ सप्टेंबरला चेल्सीने त्याला घेतलं, आणि सीझनअखेर २२ गोल आणि २४४ पॉइंट्ससह तोच सगळ्यांत वर! ऑगस्टमध्ये त्याला घेण्याचं एकही शहाणं कारण नव्हतं. म्हणजे वर्षाचा सगळ्यात भारी खेळाडू तुमच्या पहिल्या टीममध्ये नसण्याचीच शक्यता जास्त. टीम मग अशी लावा की असा कुणी उगवला तर फार मोडतोड न करता त्याला घेता येईल. दर आठवड्याला एक बदल फुकट असतो, त्यापुढच्या प्रत्येकाला चार पॉइंट कापले जातात. मधल्या भावाचे, साडेसहा ते आठचे, तीन-चार जण असले की एकाला काढून दुसरा सहज बसतो. माझ्यासारखे दोन हत्ती आणि नऊ उंदीर असले की मग वाइल्डकार्डच काढावं लागतं, म्हणजे सगळी टीम फुकटात बदलायची मुभा. मी ते तिसऱ्याच आठवड्यात जाळलं. बनी तो बनी, नहीं तो परभणी, हे आमच्या गावाबद्दल उगाच म्हणत नाहीत लोक!

आमची ही लीग सुरू कशी झाली तेही सांगतो. पुण्यात नोकरी करणारे आम्ही पाच आणि गावाकडचे तीन. आमच्यातला एकजण आधी पैसे लावायच्या ॲपवर टीमा लावायचा. एकोणपन्नास रुपयांपासून सुरुवात झाली, आणि एका महिन्यात रूमभाडं गेलं. मेसचे पैसे आम्ही भरले, घरी कुणालाच बोललो नाही. त्याच्यासाठी म्हणून ही फुकटची लीग काढली. आणि योगायोग बघा, पहिली डेडलाइन १५ ऑगस्टला, आणि २२ तारखेला पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेम्सवर बंदी आणणाऱ्या कायद्यावर राष्ट्रपतींची सही झाली. आमच्या लीगला त्याचा फरक पडला नाही. आमच्यात पैसा नव्हताच, पैज फक्त एक: फेब्रुवारीत तुराबुल हक दर्ग्याच्या उरुसाला सगळे गावी येतो, तेव्हा जो तळाला असेल त्याने सगळ्यांना खाऊ घालायचं.

मी वाचलो, तळातून तिसरा. तळाला तोच होता. आकाशपाळण्याच्या शेजारच्या गाड्यावर आठ जणांचं बिल सातशे चाळीस झालं. त्याने पाकीट काढलं, नोटा मोजल्या आणि म्हणाला, “सुट्टे आहेत का रे चाळीस?”