घनपाठी, गोंधळी आणि होमर

होमरचीं महाकाव्यें लेखनाच्या साहाय्यावांचून रचिलीं गेलीं, असें जर्मन पंडित वोल्फ यानें १७९५ सालीं प्रतिपादिलें आणि विद्वानांत मोठा वाद पेटला. पंधरा हजारांहून अधिक ओळींचें ‘इलियड’ कोणी तोंडींच रचील कसें?

याचें उत्तर अखेर गायकांजवळ सांपडलें. मिलमन पॅरी हा अमेरिकन पंडित १९३३ ते १९३५ या काळांत युगोस्लाव्हियांत हिंडला. तेथें अवदो मेजेदोविच या निरक्षर गायकानें त्यास बारा हजारांहून अधिक ओळींचें काव्य गाऊन दिलें. आपण शब्दही बदलत नाहीं, असें हे गायक सांगत; परंतु एकाच काव्याचीं दोन ध्वनिमुद्रणें कधीं सारखीं निघत नसत. ‘चपलचरण अकिलीज’ यासारखे वृत्तांत बसणारे तयार शब्दबंध व ठराविक प्रसंग त्यांच्या जिभेवर असत आणि काव्य गातां गातांच रचिलें जाई.

आमच्या घरांतून ‘मुखोद्गत’ म्हटलें कीं पद, क्रम, जटा, घन या पाठांनीं अक्षर नि स्वर राखणारे वैदिक आठवतात. होमरची विद्या त्यांची नव्हे. ती आमच्या गोंधळ्याची होय. वडाळ्याचें कुष्ठरुग्णालय ज्यांच्या नांवानें ओळखलें जातें ते मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर अ‍ॅकवर्थ आणि शंकर तुकाराम शाळिग्राम यांनीं १८९१ सालीं पोवाड्यांचा संग्रह छापिला. अफझलखानवधावरील अज्ञानदासाचा व सिंहगडावरील तुळशीदासाचा पोवाडा गोंधळ्यांच्या कंठांतून पिढ्यान् पिढ्या वाहत आले होते. छापील पाठ हें त्यांचें एका वेळचें गाणें होय. पुढें अण्णा भाऊ साठे यांनीं स्टालिनग्राडच्या लढ्यावर पोवाडा रचिला. परळ-लालबागच्या कामगारवस्तीनें नवा विषय जुन्याच घडणींत ऐकला.

घनपाठ्याचा एक स्वर चुकला तर तो दोष होय. गोंधळ्याचा शब्द बदलला तर ती त्याची कला होय. पहिल्याचें माप दुसऱ्यास लावल्यानें आम्ही आमच्याच घरांतील ठेवा गमावतों. जात्यावरच्या ओव्या स्मरणाऱ्या आजी ज्या भाग्यवान घरांत अद्याप आहेत, तेथें एकच ओवी त्यांच्याकडून दोनदां, निरनिराळ्या दिवशीं म्हणवून घ्यावी व जशी ऐकली तशी उतरावी. दोन्ही पाठ जुळले नाहींत तर शुद्ध कोणता, हें विचारूं नये, दोन्ही जपावेत.