अर्धी गिरकी आणि ताशी २४ किलोमीटर

हिशेबासाठी एक अपघात घेऊ. चौकात १,२०० किलोची मोटार उभी आहे. तेवढ्याच वजनाची दुसरी मोटार काटकोनात येऊन तिच्या मागच्या चाकापाशी आदळते आणि न थांबता निघून जाते. रस्त्यावर उरते ती मार खाल्लेली गाडी. ती साडेचार मीटर सरकलेली आहे आणि अर्धी गिरकी घेऊन आली त्या दिशेला तोंड करून उभी आहे. पळालेली गाडी नंतर सापडते. चालक सांगतो, मी पन्नासच्या आसपास होतो. खरं किती?

पहिला हिशेब सरकण्याचा. कोरड्या डांबरावर घसरणाऱ्या टायरचा घर्षण गुणांक साधारण ०.७ धरतात. साडेचार मीटर घसरून थांबायचं, तर धडकेनंतर लगेच गाडीचा वेग सेकंदाला ७.९ मीटर, म्हणजे ताशी २८ किलोमीटर हवा. दोन्ही गाड्या त्या क्षणी एकाच वेगाने पुढे गेल्या असं मानलं, तर धडकणाऱ्या गाडीचा आधीचा वेग त्याच्या दुप्पट निघतो, ताशी ५७. चालकाचं म्हणणं जवळपास खरं ठरलं.

पण या हिशेबात गिरकी कुठेच आलेली नाही.

दार कडीपाशी ढकललं तर सहज फिरतं, बिजागरीपाशी ढकललं तर हलत नाही. गाडीचंही तेच. तिच्या वस्तुमानमध्यापासून धडकेची रेषा १.२ मीटर दूर गेली, म्हणून ती फिरली. अशा गाडीचं उभ्या अक्षाभोवतीचं जडत्व आघूर्ण साधारण २,००० किलोग्रॅम-वर्ग मीटर असतं. पुढच्या आणि मागच्या चाकांत अडीच मीटर अंतर असेल आणि चारही टायर आडवे घासत असतील, तर अर्ध्या गिरकीत थांबण्यासाठी ती सुरुवातीला सेकंदाला ३२५ अंशांनी फिरत असायला हवी. म्हणजे एका सेकंदात जवळजवळ पूर्ण फेरी. जडत्व आघूर्णाला या फिरण्याच्या वेगाने गुणलं की कोनीय संवेग मिळतो: सुमारे ११,४०० किलोग्रॅम-वर्ग मीटर प्रति सेकंद. त्याला १.२ ने भागलं की धक्क्याचा आवेग मिळतो.

तो आवेग गाडीच्या वस्तुमानाने भागला की मध्याचा वेग पुन्हा सेकंदाला ७.९ मीटरच येतो. दोन स्वतंत्र मोजमापं एकाच उत्तरावर येऊन थांबली की तपास करणाऱ्याला धीर येतो. पण आता पुढची गोष्ट. धडक जिथे बसली तो भाग गाडीच्या मध्यापेक्षा बराच वेगाने पळाला, कारण सरकण्यात फिरण्याचा ६.८ मीटरचा वेग मिळाला. धडकणाऱ्या गाडीचं नाक त्या भागाला चिकटून पुढे गेलं, म्हणजे तिचा नंतरचा वेगही सेकंदाला १४.७ मीटर होता. त्यात तिने गमावलेले ७.९ मिळवा. होतात २२.६ मीटर, ताशी ८१ किलोमीटर.

गाडी तीच, सरकणंही तेवढंच. गिरकी वगळली तर ५७, धरली तर ८१. केंद्राच्या २०१८ च्या अधिसूचनेप्रमाणे आपल्याकडे पालिका हद्दीत मोटारींची कमाल मर्यादा ताशी ७० आहे आणि स्थानिक प्रशासन ती आणखी खाली आणू शकतं. पहिला आकडा या रेषेच्या अलीकडे पडतो, दुसरा पलीकडे. ज्याच्या घरातलं माणूस त्या उभ्या गाडीत होतं, त्याच्यासाठी हे २४ किलोमीटर फार मोठे आहेत.

या सगळ्या हिशेबामागे संवेग कायम राहण्याचा नियम आहे. तो इतक्या गोंधळात टिकतो कसा, याचं उत्तर वेळेत आहे. धडक साधारण एक दशांश सेकंद चालते. तेवढ्यात ७.९ चा वेग यायचा तर सरासरी बल सुमारे ९५,००० न्यूटन, म्हणजे गाडीच्या स्वतःच्या वजनाच्या आठपट. त्या वेळी टायर आणि रस्ता यांच्यातलं घर्षण जेमतेम ८,२०० न्यूटन असतं. बाहेरचं बल इतकं तोकडं असल्यामुळे धडकेच्या आधीचा आणि नंतरचा संवेग सारखा मानता येतो. ऊर्जेचं तसं नाही. आपल्या उदाहरणात ३०६ किलोज्यूलपैकी सुमारे १०७ पत्रा चेपण्यात जातात. मार खाल्लेल्या गाडीच्या सरकण्यात ३७ किलोज्यूल आहेत आणि फिरण्यात ३२. रस्त्यावरचा ओरखडा बघून सरकणं सगळ्यांना दिसतं. जवळजवळ तेवढीच ऊर्जा गिरकीत गेलेली असते.

आता चुकीची किंमत. धडकेची रेषा १० सेंटीमीटर इकडेतिकडे मोजली, तर ८१ चे ७९ किंवा ८४ होतात, हे चालण्यासारखं आहे. तीच गिरकी ६० सेंटीमीटरवरच्या धक्क्याने आली असती, तर उत्तर ताशी १२६. आणि खरा घोटाळा थांबलेल्या कोनात आहे. उलट तोंडाने उभी गाडी १८० अंश फिरलेली असेल किंवा ५४०, उभी ती सारखीच दिसते. ५४० असतील तर वेग ताशी १४० च्या वर जातो. हा फरक फक्त टायरच्या वळलेल्या खुणा सांगतात, आणि त्या खुणांवरून काही तासांतच वाहतूक धावू लागते.

वरचा हिशेब सोपा करून मांडला आहे, हे सांगायला हवं. गाडी सरकता सरकता फिरते, तेव्हा घर्षण दोन्ही कामांत वाटलं जातं, चाकं थोडी गडगडतातही. त्यामुळे ५७ आणि ८१ दोन्ही काहीसे खाली येतात, मधली दरी मात्र राहते. ती नीट मोजण्यासाठी संगणक गाडीला क्षणाक्षणाने पुढे सरकवत नेतो. न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलोच्या कॅलस्पॅन प्रयोगशाळेत रेमंड मॅकहेन्री यांनी १९७० च्या दशकात असे प्रोग्रॅम उभे केले. त्यांना कसाला लावण्यासाठी तिथे मुद्दाम १२ धडका घडवण्यात आल्या. काही काटकोनातल्या होत्या, काही जवळजवळ समोरासमोरच्या, आणि छोटी होंडा सिविक थेट जडशीळ फोर्ड टोरिनोवर नेलेलीही होती. आधीचा वेग माहीत, नंतरची जागा मोजलेली, मग उत्तर बरोबर की चूक हे लपत नाही. नव्या पद्धती आजही त्या जुन्या धडकांवर तपासल्या जातात.

कोनीय संवेगाचा सगळ्यात मोठा उपयोग मला ट्रकच्या अपघातात वाटतो. १६ टनांचा ट्रक ताशी ६० ने येतोय आणि एक टनाची मोटार समोरून त्याच्या कोपऱ्यावर आदळते. सरळ संवेग मांडला, तर ट्रकच्या वेगातली ताशी ३ किलोमीटरची चूक मोटारीच्या वेगात सोळापट होऊन उतरते, ताशी ४८! असं उत्तर न्यायाधिकरणापुढे ठेवता येत नाही. पण कोनीय संवेग कुठल्या बिंदूभोवती मोजायचा, हे आपल्या हातात असतं. तो बिंदू ट्रकच्या वस्तुमानमध्यावर ठेवला की त्याच्या सरळ धावण्याचा वाटा धडकेआधी शून्य आणि नंतरही शून्य. उरते ती ट्रकची किंचित गिरकी आणि मोटारीचा सगळा हिशेब. धडकेची रेषा त्या बिंदूपासून पुरेशी दूर असेल, तर ट्रकचे १६ टन जवळजवळ समीकरणाबाहेर जातात.

प्रमाणाचं भान येण्यासाठी हेही पाहा. पृथ्वीच्या स्वतःभोवतीच्या फिरण्याचा कोनीय संवेग त्याच एककात साधारण ६ वर ३३ शून्यं इतका आहे. इलेक्ट्रॉनच्या दुनियेतलं एकक १ पासून ३४ दशांश स्थानं खाली आहे. आपली ११,४०० ची गिरकी या दोघांच्या मध्ये कुठेतरी, आणि तिघांना कायदा एकच. गाडीने वेग घेताना रस्ता मागे ढकलला होता, म्हणजे संवेग पृथ्वीकडून उसना घेतला होता. घासत थांबताना टायर तो परत करतात.

ती परतफेड वाचायला फार काही लागत नाही. पंचनाम्यात गाडी कुठे थांबली याचा एकच बिंदू घेतला, तर जागा कळते, तोंड कळत नाही. एकाच बाजूच्या पुढच्या आणि मागच्या चाकाची अंतरं रस्त्याकडेच्या दोन पक्क्या खुणांपासून मोजली आणि फोटोंत गाडीच्या चारही बाजू दिसल्या, की कोन मिळतो. त्यासोबत टायरच्या वळणाऱ्या रेषांचे फोटो सुरुवातीपासून शेवटपर्यंत हवेत, म्हणजे फेऱ्या मोजता येतात. एवढं काम क्रेनने गाडी उचलण्याआधी व्हायला हवं. नंतर तो कोन कुणालाही परत मिळवता येत नाही.