माळ्यावर आजोबांची बंदूक सापडली तर…

ठासणीची बंदूक : नळीच्या तोंडातून दारू, चिंधी नि छर्रे घालून गजाने ठासतात. घोडा टोपीवर आदळला की बार उडतो. कोकणात शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर आजही वापरात. अनेक वर्षे पडून असलेल्या नळीतही जुना बार असू शकतो. ती भरलेलीच समजावी, चाप ओढून पाहू नये.

बारा बोअर : एक पौंड शिशाच्या १२ सारख्या गोळ्या केल्यास एका गोळीचा जो व्यास, तोच नळीचा, सुमारे १८.५ मिमी. म्हणूनच २० बोअरची नळी अधिक अरुंद.

काडतूस : पुंगळी, टोपी, दारू, गोळी किंवा छर्रे. उडालेली पुंगळी पुन्हा भरणे म्हणजे रिलोडिंग.

जुनी दारू : काळी दारू म्हणजे सोरा, कोळसा, गंधक. कोरडी राहिली तर दशकांनंतरही ठिणगीने पेटते. बिनधुराची दारू १८८४मध्ये फ्रान्समध्ये पॉल व्हिए यांनी तयार केली. ती कुजू लागली की आंबट, झोंबरा वास येतो, तांबूस भुकटी दिसते. कधी आपोआप पेटही घेते. डबा हलवू नये, पोलिसांना कळवावे.

कायदा : शस्त्र अधिनियम, १९५९. परवानाधारक वारल्यास शस्त्र विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावे लागते. वारसाला परवाना मिळाल्यावर परत घेता येते. २०१९च्या दुरुस्तीनंतर कमाल मर्यादा तीनऐवजी दोन शस्त्रांची, वारशाने आलेली धरून. दुरुस्तीनेही चालू न होणाऱ्या कालबाह्य शस्त्राला कलम ४५ची सूट आहे.