खडकी ते आसू : पुण्याकडच्या हॉकीची गोष्ट

आंबेगाव-जुन्नर पट्ट्यात खेळ म्हटलं की कुस्तीचा आखाडा, कबड्डीचं मैदान आणि बैलगाडा शर्यतीचा घाट आधी आठवतो. अवसरी बुद्रुकमध्ये हॉकीची स्टिक शोधायची म्हटली तर बरीच घरं पालथी घालावी लागतील. पण मंचरहून पुणे-नाशिक रस्त्याने भोसरी ओलांडून थोडं आत वळलं, की नेहरूनगरला पिंपरी-चिंचवड महापालिकेचं मेजर ध्यानचंद हॉकी स्टेडियम लागतं. २०२१ च्या डिसेंबरात पुरुषांची वरिष्ठ गटाची राष्ट्रीय स्पर्धा इथेच झाली. तिथून खडकीही जवळच. या एवढ्याशा वस्तीने भारतीय हॉकीला कर्णधार दिला.

हॉकी आपल्याकडे आली ती इंग्रजांच्या पलटणींबरोबर. कोलकात्यात १८९५ मध्ये बेटन चषक सुरू झाला, पुढच्याच वर्षी मुंबईत आगा खान चषक. पुण्याकडे तिची पेरणी झाली ती लष्करी छावण्यांत. खडकीला बॉम्बे सॅपर्सचं ठाणं आणि १८६९ पासूनचा दारूगोळा कारखाना. कारखान्याभोवती कामगारांच्या वसाहती उठल्या आणि मराठी कुटुंबांच्या शेजारी तमिळ, तेलुगू, ख्रिस्ती कुटुंबं राहू लागली. शिफ्ट सुटली की मोकळं मैदान समोर होतंच. इथे हॉकी हा साहेबाचा खेळ राहिला नाही, तो कामगारांच्या पोरांचा झाला.

धनराज पिल्ले हा याच वसाहतीतला. जन्म १६ जुलै १९६८. वडील कारखान्याच्या मैदानाची देखभाल करायचे. घरात पोरं बरीच आणि पगार बेताचा, त्यामुळे नवी स्टिक विकत घेणं परवडायचं नाही. मोडक्या स्टिका दोरीने आवळून, डिंकाने चिकटवून खेळलो, असं धनराजने पुढे अनेकदा सांगितलं आहे. तुतीच्या लाकडाची ती स्टिक बहुधा दांडा आणि वाकडं टोक जुळतात तिथेच तडकते. तिथे दोरीचे घट्ट वेढे दिले की आणखी काही सामने निघतात, पण दोरीचा उंचवटा चेंडूला लागला की चेंडू भलतीकडे जातो. स्टिकची सपाट बाजू एकच असते आणि चेंडू तिनेच मारायचा. डावखुऱ्यांसाठी वेगळी स्टिक नसते. डावीकडचा चेंडू खेळायचा तर मनगट फिरवून स्टिक उलटी करावी लागते. मुरमाच्या उडत्या मैदानावर, असल्या स्टिकने चेंडू ताब्यात ठेवायला शिकलेल्या पोराचे हात पुढे गुळगुळीत टर्फवर काय करतील, ते जगाने पाहिलं.

चार ऑलिंपिक, चार विश्वचषक आणि १९९८ च्या बँकॉक आशियाई स्पर्धेत कर्णधार म्हणून सुवर्णपदक. १९६६ नंतर भारताला हे सुवर्ण पहिल्यांदाच मिळालं होतं. खडकीचाच विक्रम पिल्ले २००४ मध्ये अथेन्सला ऑलिंपिक खेळला.

मात्र खडकीने घडवलेला खेळाडू खडकीत टिकत नव्हता. धनराजचा भाऊ रमेश मुंबईत आरसीएफ या खत कंपनीकडून खेळायचा. त्याच्यामागोमाग धनराज मुंबईला गेला आणि महिंद्र अँड महिंद्रच्या संघात आला. त्या काळी रेल्वे, बँका, विमान कंपन्या, खतांचे आणि मोटारींचे कारखाने खेळाडूंना नोकरी देत आणि संघ बांधत. संध्याकाळचा सराव, महिन्याचा पगार आणि चर्चगेटच्या मैदानावरची लीग, एवढ्या आधारावर मुंबईची हॉकी उभी होती. कंपन्यांनी संघ मोडीत काढायला सुरुवात केली तशी ही हॉकीही आटत गेली.

पुण्याच्या मुलींची कामगिरी मात्र आपण फारच लवकर विसरलो. १९८० मध्ये मॉस्कोला ऑलिंपिकमध्ये महिलांची हॉकी पहिल्यांदा खेळली गेली आणि भारत चौथा आला. त्या संघात पुण्याच्या एलिझा नेल्सन आणि रेखा मुंडफन होत्या. १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत महिला हॉकीचं पहिलं सुवर्ण भारताने जिंकलं, कर्णधार होत्या एलिझा नेल्सन. पुढे ऑलिंपिक गाठायला भारतीय महिलांना २०१६ उजाडावं लागलं, आणि टोकियोत त्या पुन्हा चौथ्या आल्या.

मधल्या काळात खेळाचं मैदानच बदललं होतं. १९७६ च्या मॉन्ट्रियल ऑलिंपिकमध्ये हॉकी कृत्रिम गवतावर आली आणि भारत सातव्या स्थानी फेकला गेला. मुरमावर शिकलेली मुलं टर्फवर अडखळू लागली. टर्फ महाग, त्याला पाणी द्यावं लागतं, काही वर्षांनी ते बदलावंही लागतं. क्लबांच्या आवाक्यातलं हे काम नव्हतं, सरकार आणि महापालिकांनाच ते करावं लागलं. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेसाठी बालेवाडीची क्रीडानगरी उभी राहिली. राज्य शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत निवड झालेल्या मुलामुलींना राहणं, खाणं, शाळा आणि सराव मिळू लागला.

याचं फळ दिसलं ते शहरात नाही, फलटण तालुक्यात. मुधोजी हायस्कूलच्या मैदानावर सकाळ-संध्याकाळ मुली स्टिक घेऊन उतरू लागल्या. आसूची वैष्णवी फाळके क्रीडा प्रबोधिनीतून भारतीय संघात पोहोचली आणि हांगझोऊ आशियाई स्पर्धेत कांस्यपदक जिंकणाऱ्या संघात होती. वाखरीची अक्षता ढेकळे आणि सातारा जिल्ह्यातलीच ऋतुजा पिसाळ २०२४ मध्ये मस्कतला हॉकी फाइव्हज, म्हणजे पाच-पाच जणींच्या हॉकीच्या, विश्वचषकात खेळल्या. भारताने तिथे रौप्य मिळवलं. या मुलींच्या गावांना छावणी नव्हती, कारखान्याची वसाहत नव्हती. शाळेचं मैदान होतं, रोज हजर राहणारे शिक्षक होते आणि पुढे पाठवायला जागा होती.

संघटनेचं खरं काम इथे कळतं. भारतीय हॉकी महासंघ १९२५ मध्ये ग्वाल्हेरला स्थापन झाला, २००९ पासून हॉकी इंडिया कारभार पाहते, राज्यात हॉकी महाराष्ट्र आहे. पण खेळाडूला भेटते ती जिल्ह्याची संघटना. खेळाडूंची नोंदणी, निवड चाचणी, पंच आणि वर्षाचं वेळापत्रक ही कामं तिने केली, तरच शाळेतल्या पोराला राज्याचा संघ दिसतो. ती झोपली की चांगलं पोर दहावीनंतर स्टिक ठेवून देतं, आणि त्याची कुठे बातमीही होत नाही.

आंबेगाव तालुक्यात हॉकी नाही याचा दोष इथल्या पोरांना देता येणार नाही. शेतात वाढलेलं, काटक, वेगाने पळणारं पोर फलटणला असतं तसंच अवसरीलाही असतं. सुरुवातीला टर्फ लागत नाही. सपाट केलेलं मुरमाचं मैदान, वीसेक स्टिका, गोलरक्षकाचं एक किट आणि बदली झाली तरी काम मागे ठेवून जाणारा क्रीडाशिक्षक एवढं पुरे. शालेय स्पर्धांत नेहरू चषक हॉकी दरवर्षी असते. ज्या शाळेला पटेल, तिने पुढच्या वर्षी एक संघ उतरवावा. पहिले दोन-चार सामने हरतीलच. नेहरूनगरचं टर्फ तासा-दीड तासावर आहे, तिथवर जायची सवय मात्र आत्ताच लावून घ्यावी.