घाटमाथ्यावरील सागरी मेजवानी

नेसरीचे नाव निघाले की महाराष्ट्रीय माणसाच्या मनात प्रथम २४ फेब्रुवारी १६७४ हा दिवस उभा राहतो. सरनौबत प्रतापराव गुजर त्या दिवशी सहा साथीदारांसह बहलोलखानाच्या सैन्यावर तुटून पडले आणि या भूमीचे नाव इतिहासात कायमचे राहिले. आजचा विषय मात्र शौर्याचा नसून भोजनाचा आहे. गडहिंग्लजहून चंदगडकडे जाणाऱ्या वाटेवरील हे गाव समुद्रापासून सरळ रेषेने मोजल्यास पाऊणशे-ऐंशी किलोमीटर दूर आहे. मध्ये सह्याद्रीची भिंत उभी. अशा गावात चार मित्र एकत्र बसून समुद्राचे अन्न खाऊ म्हणतात, तेव्हा मासळीबरोबर आणखी काय काय त्यांच्या ताटात येते, याचा विचार येथे करावयाचा आहे.

पूर्वी घाटावरच्या गावांना समुद्र भेटे तो वाळलेल्या रूपात. घाटावरून गूळ, मिरची व धान्य खाली उतरे आणि कोकणातून मीठ, नारळ, आमसुले व सुकी मासळी बैलांच्या पाठीवर आणि पुढे गाड्यांतून वर चढे. सुकट, सुके बोंबील, खारा बांगडा आणि सोलून वाळवलेल्या कोळंबीचे सोडे ही मासळी आजही घाटावरील आठवड्याच्या बाजारात दिसते. तव्यावर भाजलेली सुकट, संकेश्वरी मिरचीचा ठेचा, कच्चा कांदा आणि गरम भाकरी, एवढ्या सामग्रीवर कित्येक मित्रमंडळींच्या रात्री रंगल्या आहेत. या पदार्थामागील शास्त्र साधे आहे. मासळी नासते ती जंतूंमुळे. जंतूंना जगण्यास पाणी लागते. मीठ आणि ऊन ते पाणी काढून घेतात. म्हणजे सुकी मासळी ही काळाला थोपवून धरण्याची युक्ती होय.

हीच युक्ती दुसऱ्या एका मार्गाने पूर्व आशियातील लोकांनी साधली. आज मुंबई-पुण्याच्या उपाहारगृहांत ‘सुशी’ नावाचा जपानी पदार्थ मिळतो आणि तो खाऊन आलेला तरुण गावी परतल्यावर मित्रांना त्याच्या गोष्टी सांगतो. कच्ची मासळी खातात हे ऐकून वडीलधारी मंडळी नाक मुरडतात. परंतु सुशीचा उगम ताज्या मासळीत नाही, हे ऐकून दोन्ही पक्षांस नवल वाटेल. मेकाँग नदीच्या परिसरातील भात पिकवणाऱ्या लोकांत या पदार्थाचा आरंभ झाला असावा, असे अभ्यासक मानतात. मासा साफ करून खारवावयाचा, शिजवलेल्या भातात दाबून महिनोन्‌महिने ठेवावयाचा. भात आंबून जी आंबट द्रव्ये तयार होत, त्यांमुळे मासा टिके. आंबिलीला आंबटपणा देणारे जे जंतू, त्यांच्याच जातकुळीचे हे जंतू होत. भात टाकून देत व मासा खात. जपानात बिवा सरोवराच्या काठी या पद्धतीची सुशी अजूनही करतात.

पुढे लोकांना इतके दिवस थांबणे नकोसे झाले. आंबवण्याच्या जागी भातात शिरका घालण्यात येऊ लागला. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात एडो शहरात, म्हणजे आजच्या टोकियोत, शिरका लावलेल्या भाताच्या गोळ्यावर मासळीचा तुकडा दाबून तो रस्त्यावरच्या ठेल्यांवर विकू लागले. या प्रकाराचे श्रेय हानाया योहेई या विक्रेत्यास देण्याचा प्रघात आहे. तात्पर्य, आजची सुशी ही समुद्र जवळ असलेल्या शहराची. मूळची सुशी ही मासळी टिकवण्याची गरज असलेल्या लोकांची. त्या दृष्टीने नेसरीच्या बाजारातील खारा बांगडा आणि बिवाकाठची सुशी ही एकाच कुळातील भावंडे ठरतात.

आता कालवांकडे वळू. घाटावरच्या माणसाला कालवा म्हटले की उसाला पाणी देणारा पाट आठवतो. कोकणातील कालव ही निराळी वस्तू. तो दोन शिंपांचा, मऊ अंगाचा जलचर आहे. खाडीच्या मुखाशी किंवा खडकाळ किनाऱ्यावर तो एक शिंप दगडास पक्की चिकटवतो आणि दुसरी झाकणासारखी उघडमीट करतो. एकदा बसला की जन्मभर तो जागा सोडीत नाही. मालवण, वेंगुर्ले, देवगड, रत्नागिरी या बाजूस ओहोटी लागली की बाया कोयती आणि भांडे घेऊन खडकांवर उतरतात. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाणाची भरती येते, तशी ओहोटीही खोलवर जाते व एरवी पाण्याखाली असणारे खडक उघडे पडतात. अष्टमीच्या सुमारास, भांगाच्या दिवसांत, पाणी फारसे हटत नाही. म्हणून कालवे काढणारणीला पंचांग पाठ असावे लागते. धारदार शिंपांवर ओणवे बसून, हात कापून घेत, एकेक कालव फोडून तिने आतील मगज गोळा केलेला असतो. बाजारात तो वाट्याने विकला जातो. कांदा, वाटलेले खोबरे आणि आमसूल घालून केलेले कालवांचे सुके, तसेच तिसऱ्यांची एकशिपी आणि शिनाण्यांचे कालवण, ही मालवणी पाकशास्त्राची भूषणे आहेत. जो वाटा मित्रमंडळी घटकेत संपवतात, त्यामागे एका बाईची पुरी ओहोटी गेलेली असते.

कालव जेवतो कसा, हे कळले म्हणजे त्याच्या चवीचे आणि त्याच्या धोक्याचेही मर्म उमगते. तो कल्ल्यांवरून पाणी सतत ओढून घेतो, त्यातील सूक्ष्म वनस्पती व कण गाळून पोटात घेतो आणि गाळलेले पाणी बाहेर सोडतो. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील जातीचे एक मोठे कालव अनुकूल स्थितीत दिवसाकाठी शंभर लिटरांहून अधिक पाणी गाळू शकते. म्हणूनच कालवांचे थर जेथे दाट असतात तेथील पाणी निवळते. परंतु जे पाण्यात असेल तेच कालवात साठणार. पाणी निर्मळ असेल तर कालव गोड. पाण्यात गावाची घाण मिसळली असेल तर विषमज्वर, पटकी आणि कावीळ यांचे जंतू त्याच्या पोटात गोळा होतात.

याची साक्ष इतिहासाने कठोरपणे दिली आहे. १० नोव्हेंबर १९०२ रोजी इंग्लंडमधील विंचेस्टर आणि साउदॅम्प्टन या दोन शहरांत नगराध्यक्षांच्या मेजवान्या झाल्या. दोन्ही ठिकाणी एम्सवर्थ या बंदराची कालवे वाढण्यात आली. पुढील दिवसांत पाहुण्यांपैकी अनेकांना विषमज्वर झाला आणि मृतांत विंचेस्टर कॅथीड्रलचे प्रमुख धर्माधिकारीही होते. एम्सवर्थच्या सांडपाण्याचा नळ कालवांच्या साठ्यांजवळच खाडीत सोडलेला होता. तेथील एका कालवव्यापाऱ्याने स्थानिक मंडळावर फिर्याद केली व १९०६ साली निकालही त्याच्या बाजूने लागला. परंतु बुडालेला व्यापार पूर्वपदावर आला नाही. पुढे १९२४-२५ च्या हिवाळ्यात न्यूयॉर्क, शिकागो, वॉशिंग्टन या शहरांत दूषित कालवांमुळे विषमज्वराची साथ उसळली. सुमारे दीड हजार माणसे आजारी पडली व दीडशे दगावली. त्यानंतरच अमेरिकेत कालवांच्या खाड्यांची तपासणी करून मगच विक्रीस परवानगी देण्याची व्यवस्था देशभर लागू झाली. एकेकाळी कालवांसाठी नावाजलेल्या न्यूयॉर्क बंदरातील शेवटची क्षेत्रे मात्र १९२७ साली घाणीपायी बंद करावी लागली. या मेजवान्यांत कोणी कोणाचे वाईट चिंतले नव्हते. यजमान आनंदाने वाढीत होते व पाहुणे आनंदाने खात होते. दोष ताटात नव्हता. तो दूरच्या पाण्यात होता आणि ताटापर्यंत चालत आला होता.

यावरून नेसरीसारख्या गावातील मित्रांनी कालवांचे नावच टाकावे काय? मुळीच नाही. थोडा विवेक ठेवला तर आनंदास बाध येत नाही. पहिली गोष्ट ऋतूची. पावसाळ्यात साऱ्या मुलखाची घाण वाहून खाड्यांत उतरते व पाणी गढूळ होते. त्या दिवसांत शिंपलीवर्गाच्या वाट्यास जाऊ नये. दुसरी गोष्ट वेळेची. शिंपीसह आणलेले कालव जिवंत हवे. उघडलेली शिंप बोटाने ठोकताच मिटली तर ते जिवंत. न मिटली तर टाकून द्यावे. घाट चढताना ते ओल्या गोणपाटाखाली थंड राखावे, गोड्या पाण्यात बुडवू नये. गोडे पाणी त्यास मारक असते. सोललेला मगज असेल तर तो बर्फावर आणून त्याच दिवशी शिजवावा. तिसरी गोष्ट अग्नीची. विलायतेत लिंबू पिळून कच्ची कालवे खातात, ती तपासलेल्या पाण्यातील असतात. ज्या खाडीची तपासणी झाल्याचे ठाऊक नाही तेथील कालव खळखळून उकळी आल्यावर काही मिनिटे शिजवूनच खावे. यकृताचा विकार असलेल्यांनी, गरोदर स्त्रियांनी व वृद्धांनी कच्च्या प्रकाराचा मोह सर्वथा टाळावा. सुशीसंबंधी एवढे ध्यानात असावे की चांगल्या उपाहारगृहांत कच्ची खावयाची मासळी उणे वीस अंश सेल्सियस थंडीत सात दिवस गोठवतात, तेणेकरून तिच्यातील कृमी मरतात. बाजारातील ताजा मासा घरी आणून तसाच कापून खाणे हा सुशीचा मार्ग नव्हे.

अग्नीलाही मर्यादा आहे, हे मात्र विसरता कामा नये. समुद्रात काही वेळा विशिष्ट सूक्ष्म वनस्पतींचा उद्रेक होतो आणि त्यांचे विष शिंपल्यांच्या अंगात साठते. ते शिजवल्याने नष्ट होत नाही. १९९७ साली केरळातील विझिंजम येथे शिनाणे खाऊन अनेकांना अशी बाधा झाली व काही जण प्राणास मुकले. किनाऱ्यावरील कोळी लोक ज्या वेळी ‘सध्या शिंपल्या नको’ म्हणतात, त्या वेळी घाटावरच्याने अधिक शहाणपणा दाखवू नये.

चौथी गोष्ट शिष्टाचाराची. शिंपलीवर्गाने काहींच्या अंगावर गांधी उठतात, क्वचित श्वासही कोंडतो. म्हणून यजमानाने आधीच विचारून घ्यावे. एखाद्याचा सोमवार असतो, एखाद्याचा श्रावण असतो. त्याच्यासाठी निराळ्या भांड्यात पिठले-भात तयार असावा आणि त्याने संकोच न करता त्याच पंगतीस बसावे. मित्राला आग्रह करावा तो बसण्याचा, खाण्याचा नव्हे.

राहता राहिला प्रश्न साठ्याचा. लहान कालवे खरवडून काढली की पुढच्या वर्षी खडक ओका राहतो. केरळातील अष्टमुडी सरोवरात तिसऱ्यांचा असाच ऱ्हास होऊ लागला, तेव्हा तेथील मच्छीमारांनी प्रजननाच्या महिन्यांत काम बंद ठेवण्याचा व लहान शिंपल्या न काढण्याचा नियम पाळला. २०१४ साली त्या व्यवसायास शाश्वत मासेमारीचे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळाले. भारतात असा मान मिळवणारा तो पहिला व्यवसाय. ग्राहकाने बारीक माल घेण्याचे नाकारले तर नियम पाळणाराचे हात बळकट होतात.

शेवटी एक उदाहरण जपानचे. तेथील केसेन्नुमा गावी शिगेआत्सु हाताकेयामा नावाचे कालवांची शेती करणारे गृहस्थ होते. खाडीचे पाणी बिघडून कालवे लालसर होऊ लागली, तेव्हा त्यांनी दोष समुद्रात न शोधता नदीच्या उगमाकडे पाहिले. १९८९ सालापासून ते व त्यांचे सोबती, समुद्रावर पोट भरणारी माणसे, डोंगरावर जाऊन झाडे लावू लागले. रानातील पालापाचोळ्यातून निघणारी द्रव्ये नदी खाली नेते, त्यांवर खाडीतील सूक्ष्म वनस्पती वाढतात आणि त्यांवर कालव जगते, हे त्यांनी जाणले होते.

सह्याद्रीच्या माथ्याची गोष्ट याहून वेगळी नाही. त्याच्या पश्चिम उतारावर पडलेला पाऊस कोकणच्या खाड्यांत पोहोचतो. नेसरीच्या शिवारातील पाणी घटप्रभेवाटे कृष्णेस मिळते आणि अखेर बंगालच्या उपसागरास जाते. तेथल्या मुखांवरही शिंपले आहेत व ते खाणारी माणसे आहेत. नेसरीची मंडळी कोकणातल्या खाडीच्या निर्मळपणावर विश्वास ठेवून जेवतात. तोच विश्वास नेसरीच्या ओढ्यावर शेकडो कोस दूरचा कोणी अनोळखी माणूस ठेवीत असतो. गावचे सांडपाणी, शेतातील औषधे व बाजारातील कचरा घटप्रभेत जाऊ न देणे हा त्या अनोळखी माणसाच्या ताटाचा मान राखणे होय. मित्रांसह समुद्राचे अन्न खाणाऱ्याने एवढे देणे मान्य केले, म्हणजे त्याचा आनंद निर्धास्त होतो आणि कालवाचे सुकेही अधिक रुचकर लागते.