जुन्या लोखंडाची निगा – लेखांक ६ : बिडाच्या स्टोव्हला नवा रंग

लाकूड जाळून घर उबदार ठेवणारे बिडाचे स्टोव्ह नॉर्वेत आणि अमेरिकेच्या न्यू इंग्लंड भागात आजही वापरात आहेत. योतुल ही नॉर्वेची ओतशाळा १८५३ सालची. अमेरिकेत १९७३ च्या तेलटंचाईनंतर अशा स्टोव्हना पुन्हा मागणी आली आणि १९७५ मध्ये व्हरमाँट कास्टिंग्ज ही कंपनी सुरू झाली. तेव्हाचे कितीतरी स्टोव्ह आता तांबूस, डागाळलेले दिसतात. वरवरचा गंज हे मात्र मोडीत काढण्याचे कारण नव्हे.

रंगाआधी तपासणी करावी लागते. काळोखात स्टोव्हच्या आत विजेरी ठेवली, की सांध्यांतल्या फटी आणि आरपार गेलेले तडे उजेडाने उघडे पडतात. फट भट्टीच्या सिमेंटने बुजवता येते. तडकलेला भाग बदलावा किंवा जाणकाराकडून जोडून घ्यावा. रंगाने तडा झाकणे धोक्याचे असते. जुन्या स्टोव्हच्या दाराला लावलेली दोरी ॲस्बेस्टॉसची असू शकते. तिचे तंतू फुप्फुसाला घातक असल्यामुळे ती कोरडी खरवडू नये. प्रशिक्षित माणसाकडून काढून घ्यावी. तिच्या जागी आता फायबरग्लासची दोरी बसवतात. हिरव्या किंवा लाल चकाकत्या मिन्याचा स्टोव्ह असेल, तर त्यावरचा थर म्हणजे भट्टीत भाजलेली काच असते. घरच्या रंगाने तिची बरोबरी होत नाही.

खरी मेहनत घासण्यात आहे, आणि घाई होते तीही इथेच. तारेच्या ब्रशने गंज आणि सुटा रंग काढायचा, नक्षीचे कोपरे हाताने साफ करायचे, धूळ ब्रशने झटकून ॲसिटोनने पुसून घ्यायचे. पाण्याने धुतलेल्या उघड्या बिडावर काही वेळातच नवा गंज धरतो. जुनी ग्रॅफाइटची काळी पॉलिश पूर्ण निघाली नाही, तर तिच्यावर रंग बसत नाही. ज्यांना रंग नको, त्यांच्यासाठी हीच पॉलिश हा पर्याय आहे. ती फडक्याने चोळून लावतात, पण गंजापासून तिचे संरक्षण कमी आणि ती वारंवार लावावी लागते.

साधा ऑइलपेंट स्टोव्हच्या आचेला जळतो. इथे सिलिकॉन राळेचा, सुमारे ६५० अंश सेल्सिअसपर्यंत टिकणारा रंग लागतो. तो बहुधा अस्तराशिवाय, थेट स्वच्छ बिडावर बसतो. जाड थर फुगून सुटतो, म्हणून दोन-तीन पातळ हात द्यावेत. फवारा मारण्याचे काम मोकळ्या हवेत, योग्य मास्क लावून आणि थंड स्टोव्हवरच करावे. आसपास कुठेही विस्तव नसावा.

वाळलेला रंग अजून कच्चाच असतो. तो पक्का होतो पहिल्या काही जाळांत. आच वाढत जाते तशी राळेतली सेंद्रिय द्रव्ये धूर होऊन निघून जातात आणि सिलिकॉन-ऑक्सिजनचे चिवट जाळे रंगद्रव्याला धरून राहते. म्हणून पहिला जाळ लहान, दुसरा मध्यम, तिसरा नेहमीइतका ठेवतात आणि मधे स्टोव्ह पूर्ण थंड होऊ देतात. नेमके तापमान डब्यावर दिलेले असते. या काळात खिडक्या उघड्या ठेवाव्यात, लहान मुले आणि पाळीव पक्षी दूर ठेवावेत. रंग गरम असताना मऊ पडतो, त्यामुळे त्यावर किटलीही ठेवू नये. धूर आणि वास थांबला, की काम पुरे झाले. पुढे ओरखडा पडला, तर तेवढीच जागा घासून त्याच रंगाचा पातळ हात द्यावा आणि तीही जागा अशीच तापवून पक्की करावी.