किसा गोतमीची मोहरी आणि कैरोचा वर्ग

वस्तीत बालवाडी चालवणाऱ्या बाईने इजिप्त देशातल्या कैरो शहरी जाऊन शिकावे, असे काय होते? शेजारच्या मावशींपासून विहारातल्या मुलींपर्यंत सर्वांनी मला हेच विचारले. म्हणून हा लेख.

कैरोच्या अमेरिकन विद्यापीठात निर्वासितांच्या प्रश्नांवर उन्हाळ्यात छोटे अभ्यासवर्ग भरत आले आहेत. त्यातला निर्वासितांच्या मानसिक व सामाजिक स्वास्थ्याचा वर्ग मी केला. या विषयासाठी कैरोसारखे गाव नाही. सुदान, इरिट्रिया, इथिओपिया, सोमालिया, सीरिया या देशांतून जीव वाचवून आलेली कुटुंबे तेथे छावणीत नव्हे, तर भाड्याच्या खोल्यांत राहतात. एप्रिल २०२३ मध्ये सुदानात युद्ध पेटल्यावर त्यांत लाखोंची भर पडली.

पहिला धडा व्याख्येचा. वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, सामाजिक गट किंवा राजकीय मत यांवरून छळ होईल या रास्त भीतीने जो देशाबाहेर गेला आणि परतू शकत नाही, तो निर्वासित, असे १९५१ चा आंतरराष्ट्रीय करार सांगतो. देशातल्या देशात ज्याचे घर सुटले, तो यात बसत नाही. हे ऐकताना मला थोरांच्या तोंडून ऐकलेला १९७८ चा मराठवाडा आठवला. नामांतराच्या ठरावानंतर आपल्या लोकांची घरे जाळली गेली, माणसे गाव सोडून पळाली. पण त्यांना निर्वासित कोण म्हणणार? जळालेल्या घरांचे पंचनामे होतात. ती आग पाहिलेल्या लेकरांच्या मनाचा पंचनामा कोणी केला?

माझी समजूत होती की, इतके सोसलेल्या प्रत्येकाला डॉक्टर लागत असेल. तसे नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये दिलेल्या अंदाजानुसार युद्धाच्या प्रदेशात पाचातल्या सुमारे एकाला मानसिक आजार असतो. बाकीच्यांना दुःख असते, भीती असते, झोप उडालेली असते. पण दुःख म्हणजे आजार नव्हे.

२००७ साली संयुक्त राष्ट्रे व मदत संस्थांनी मिळून या कामाची मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यांत मदतीच्या चार पायऱ्या आहेत. सर्वात खालची आणि सर्वात रुंद पायरी अन्न, पाणी, निवारा व सुरक्षिततेची. आणि हे देताना माणसाचा मान राखायचा. दुसरी कुटुंबाच्या व समाजाच्या आधाराची : ताटातूट झालेल्यांची गाठ घालून देणे, मुलांची शाळा, आपल्या रीतीने मृतांचा शोक. तिसरी शिकलेल्या कार्यकर्त्यांची. मानसोपचार तज्ज्ञ चौथ्या, सर्वात अरुंद पायरीवर. खोलीचे भाडे थकले म्हणून रात्रभर जागणाऱ्या बापाला नुसती झोपेची गोळी देऊन काय होणार?

प्रथमोपचार जसा जखमेचा, तसा मनाचाही असतो. त्याची तीन सूत्रे : पाहा, ऐका, जोडून द्या. काय लागते ते पाहायचे, शांतपणे ऐकून घ्यायचे, मदत मिळेल तेथे पोहोचवायचे. काय घडले ते सांगच, असा आग्रह धरायचा नाही. "झाले ते विसर" असेही म्हणायचे नाही. कैरोतल्या एका संस्थेने तर निर्वासितांनाच हे शिक्षण दिले. ते आपल्याच भाषेत, आपल्याच लोकांच्या घरी जाऊन हे काम करतात.

एके दिवशी एका सहाध्यायी बाईंनी मला विचारले, "तुम्ही बौद्ध ना? मग म्यानमारचे काय?" २०१७ साली त्या बौद्धबहुल देशातून सात लाखांहून अधिक रोहिंग्या बांगलादेशात पळाले. माझी मान खाली गेली. मी एवढेच म्हणाले, "बाबासाहेबांनी आम्हाला दिलेला धम्म मैत्रीचा आहे. शेजाऱ्याला घराबाहेर काढणारा तो धम्म नव्हे."

त्या रात्री किसा गोतमी आठवली. मेलेले बाळ कवटाळून ती औषध मागत फिरत होती. भगवंतांनी तिला उपदेश ऐकवला नाही. ज्या घरात कोणी मेले नाही, तेथून मोहरी आण म्हणून दारोदार पाठवले. दारोदार तिला कळले की दुःख तिच्या एकटीचे नाही. वर्गात शिकवलेली दुसरी पायरी हीच नव्हे काय?

बंधू-भगिनींनो, हे काम आपल्या मुलामुलींना सहज जमेल, कारण बेघर होणे काय असते ते आपल्या घराण्यांना ठाऊक आहे. अशा वर्गांना जायचे तर सवलत किंवा शिष्यवृत्ती आहे का, हे अर्जाआधी पत्राने विचारावे. पण सुरुवातीला कैरो लागत नाही. वस्तीत आग लागते, झोपड्या तुटतात, तेव्हा भांडी-चादरींबरोबर तासभर त्या माऊलीजवळ बसा. आणि तिची जात, तिचा धर्म विचारू नका.